तंबोरा लांब बसला होता

टेप कापायला ते कात्री वापरत नसत. दाढीचं अर्धं मोडलेलं ब्लेड, त्याच्या एका कडेला गुंडाळलेली चिकटपट्टी, असं एक हत्यार त्यांच्या टेबलावर कायम असे. उजव्या हातात ते ब्लेड, डाव्या हाताची बोटं मांडीवर आणि डोळे मिटलेले. बोटं मांडीवर मात्रा मोजत. बारा मात्रा संपून पुन्हा पहिली आली, म्हणजे सम आली, की मान एकदा खाली जाई आणि मगच ब्लेड टेपला लागे. जाहिरात घालायची ती समेनंतर. मध्ये कुठंही नाही.

"मधीच तोडायला गाणं म्हंजे शेवग्याची शेंग हाय व्हय?" असं ते म्हणत.

यावरूनच राजारामपुरीत त्यांना 'समवाले' हे नाव पडलं. तसं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना सम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला तर शेवटपर्यंत वाटत होतं की ते त्यांचं आडनाव आहे, आणि त्यांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

ते जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला मी याआधी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा पहिल्याच ओळीत विशेषण आलं, म्हणून कागद ठेवून दिला. त्यांना विशेषण चालत नसे.

हे मला पहिल्याच भेटीत कळलं होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर एक चिठ्ठी टाचलेली दिसली: 'रेडिओसाठी निवेदन लिहिणारं माणूस पाहिजे. विशेषणं येत नसतील तर उत्तम.' मला ती थट्टा वाटली, तरी मी गेले.

दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. बाहेर जाहिरात संस्थेची पाटी, आत भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले आणि खिडकीवर गादी उभी केलेली. रेकॉर्डरच्या वर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी एक काळी पेटी. पेटीत त्यांच्या वडिलांची क्लॅरिनेट होती. वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवत. "वरातीत बाकी कुणाला सूर कळत न्हाय," ते म्हणायचे, "पण घोड्याला कळतो. आमच्या बाबांचा सूर चुकला की घोडा मान झाडायचा."

सरकारी रेडिओच्या जाहिरात विभागात तेव्हा अर्धा तास विकत घेता येई. एखादा दुकानदार तो घेई, मध्ये आपल्या जाहिराती घाली आणि बाकीच्या वेळेत बहुतेक सिनेमाची गाणी लावली जात. यांनी एक प्रायोजक गाठून दर गुरुवारी संध्याकाळी शास्त्रीय संगीत लावायचं ठरवलं होतं. कार्यक्रम या खोलीत तयार व्हायचा आणि टेप एस.टी.नं शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रावर जायची.

मी एक पान नमुना म्हणून लिहून नेलं होतं. त्यांनी ते वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि कामाला लागले. 'सुप्रसिद्ध' गेलं, 'सुमधुर' गेलं, 'भावपूर्ण' गेलं. शेवटी पानावर गायिकेचं नाव, साथीदारांची नावं आणि 'ऐका' एवढं उरलं.

"आता कसं झालं बगा बाई. झ्याक."

"पण यात मी काय लिहिलं?"

"तुमी न्हाय लिवलं म्हणून तर झ्याक झालं की."

मी उठून निघाले होते. ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, "गाणं सुमधुर हाय म्हणून सांगितल्यावर ते सुमधुर होतंय काय? आणि नसलं, तर आपणच खोटं पडतोय. नाव सांगावं, बाजूला व्हावं."

मी परत बसले. पुढं सात-आठ वर्षं त्यांच्यासाठी लिहिलं आणि वाचलंही. लिहायचं कसं हे मला बऱ्याच जणांनी शिकवलं होतं. बाजूला कसं व्हायचं हे त्यांनी शिकवलं.

रागाचं नाव ते गाणं झाल्यावर सांगत. आधी सांगितलं की माणूस नावच ऐकत बसतो, असं त्यांचं मत. 'ऐका' हा एक शब्द त्यांनी मला एका दुपारी एकोणीस वेळा वाचायला लावला होता. पहिल्या वेळी म्हणाले, हुकूम वाटतोय. दहाव्या वेळी म्हणाले, आर्जव वाटतंय. एकोणिसाव्या वेळी काहीच म्हणाले नाहीत, तेव्हा मी समजले की जमलं. त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. रिक्षा ठरवताना ते आधी हॉर्न वाजवायला सांगत आणि आवाज पटला नाही तर दुसरी रिक्षा बघत. मी पावसात त्यांच्यामागून अशी अनेकदा चालले आहे.

प्रायोजक होते हुपरीचे, पैंजणांचे व्यापारी. त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बरोबर होते. शेठ गादीवर लोडाला टेकून बसलेले. म्हणाले, "पावणं, पैंजणं बायका घालत्यात. तुमचं हे आ-आ-आ ऐकून कुठली बाई माझ्या दुकानात यायची?"

"शेठ, पैंजण वाजलेलं कुठल्या घरात ऐकू येतंय?"

"कुठल्या?"

"जिथं गलका न्हाय त्या घरात. आमचं गाणंबी त्याच घरात लागतंय. गिऱ्हाईक एकच हाय की."

शेठांनी चहा सांगितला. आमच्याकडं चहा सांगितला म्हणजे अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं मागच्या कारखान्यात झालं. तिथं घरातल्या आणि शेजारच्या बायका घुंगरू जोडत बसल्या होत्या. ह्यांनी पिशवीतून सूरपेटी काढली आणि एकेक पैंजण कानाशी धरून वाजवायला सुरुवात केली. दीड तास. शेवटी एका बाईंना राहवलं नाही.

"ह्यास्नी पायात घालायचं हाय का कानात?"

सगळ्या हसल्या. हेही हसले, पण पैंजण खाली ठेवलं नाही. त्यांना तीन पैंजणं हवी होती: एक बायकांच्या पट्टीत वाजणारं, एक पुरुषांच्या, एक सतारीच्या. जाहिरातीत पैंजण तीनदा वाजायचं, मग दुकानाचं नाव आणि गावाचं नाव. बस. ज्या पट्टीत गाणं, त्याच पट्टीतलं पैंजण. समेवर गाणं थांबायचं, त्याच सुरात पैंजण वाजायचं, आणि ऐकणाऱ्याला आपण गाण्यातून बाहेर आलो हे कळायचंही नाही. मी आजवर पुष्कळ जाहिराती ऐकल्या. इतकी सभ्य जाहिरात दुसरी ऐकली नाही.

आमच्या खोलीच्या बरोबर खाली गणिताचा क्लास होता. त्या सरांचा आवाज अंड्यांच्या ट्रेंना दाद देत नसे. म्हणून आम्ही क्लासच्या वेळा पाठ करून मधल्या तासांत ध्वनिमुद्रण करायचो. तरी एकदा घोटाळा झालाच. एका बंदिशीच्या शेवटी, तंबोरा विरत असताना, खालून स्पष्ट आवाज आला, 'कॉस थीटा', आणि पंचवीस मुलांनी तो परत म्हटला. टेप तशीच गेली. पुढच्या आठवड्यात एका श्रोत्याचं पोस्टकार्ड आलं: 'शेवटी जे बोल ऐकू आले ते कोणत्या घराण्याचे?' त्यांनी ते कार्ड मला रेडिओवर वाचायला लावलं, आणि उत्तर म्हणून खालच्या सरांचं नाव आणि क्लासच्या वेळा सांगायला लावल्या. सर पेढे घेऊन वर आले.

दशक संपता संपता हे सगळं मोडलं. शेठांच्या मुलानं जाहिरात केबल टीव्हीवर नेली. दुसरा प्रायोजक मिळेना. शेवटच्या गुरुवारचा कार्यक्रमही त्यांनी नेहमीसारखाच कापला, मांडीवर बोटं मोजत. त्यात मी 'हा आमचा शेवटचा कार्यक्रम' असं लिहिलं होतं. त्यांनी 'शेवटचा' खोडलं. ते विशेषण आहे, म्हणाले. व्याकरणानं ते बरोबर होते, म्हणून मी वाद घातला नाही.

पण त्यांच्या कपाटात एक टेप होती जी त्या सगळ्या वर्षांत कधी लागली नव्हती. ती अक्कांची होती.

अक्का आमच्याच गावच्या गायिका. लहानपणी हे बँडच्या तालमीतून पळून त्यांच्या दारात जाऊन बसायचे. अक्कांनी आत बोलावलं, गाऊन दाखव म्हणाल्या, ऐकलं, आणि म्हणाल्या, "गळा न्हाय रं तुला. कान हाय. तंबोरा धर." त्यानंतर काही वर्षं ते अक्कांच्या मागं तंबोऱ्यावर बसले. गायची इच्छा तिथंच संपली की नाही, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

तरुणपणी अक्का एकदा रेडिओवर गेल्या होत्या. गाणं रंगात असताना वेळ संपली आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक करून बातम्या लागल्या. अक्कांना ते घरी आल्यावर कळलं. काचेच्या आत त्या आणखी दहा मिनिटं गात होत्या, आणि बाहेर कुणीही ऐकत नव्हतं. त्यानंतर त्या कुठल्याही केंद्रावर गेल्या नाहीत.

आमचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ह्यांनी त्यांना कसंबसं राजी केलं. एका सुट्टीच्या दिवशी, क्लास बंद असताना, अक्का जिना चढून वर आल्या, मागून त्यांचा तंबोरा घेऊन एक शिकणारी पोरगी. तबलजी आला नाही. अक्का म्हणाल्या, नसू दे. त्यांनी नुसत्या तंबोऱ्यावर भैरव गायला सुरुवात केली आणि एक्केचाळीस मिनिटं गायल्या. उठताना म्हणाल्या, "लावायचं तर समदं लाव. न्हायतर लावू नगो."

"लावतो अक्का. समदं लावतो."

आमच्या हातात अठ्ठावीस मिनिटं असायची. एक्केचाळीसची टेप अठ्ठावीसमध्ये बसत नव्हती आणि ती ते कापणार नव्हते. म्हणून ती कपाटात राहिली. पुढं अक्का इचलकरंजीला मुलाकडं राहायला गेल्या. दरवर्षी हे त्यांना भेटायला जात आणि दरवर्षी अक्का विचारत, "लागलं का रं माजं?" आणि हे म्हणत, "लागंल, अक्का."

मग गावात खाजगी एफएम आलं. दिवसभर बडबड आणि गाणी. माझ्या ओळखीतल्या जाणत्या लोकांनी नाकं मुरडली. हे मात्र खूश झाले. "बाई, ह्यांच्याकडं चोवीस तास हायत," ते म्हणाले. "चोवीस तासांत एक्केचाळीस मिन्टं सापडणार न्हाईत व्हय?"

स्टेशनची प्रमुख इंदूरहून आलेली तिशीची मुलगी होती. तिनं ऐकून घेतलं. रविवारी सकाळी सहाचा तास कुणालाच नको असतो, म्हणाली, प्रायोजक आणा आणि घ्या. प्रायोजक कोण मिळाले? तेच खालच्या मजल्यावरचे गणिताचे सर. आता त्यांच्या क्लासच्या शाखा निघाल्या होत्या. "मला कळत काय बी न्हाय," सर म्हणाले, "पण वरनं तुमच्या टेपा ऐकू यायच्या तवा पोरांची गणितं बरी सुटायची."

तो कार्यक्रम आठ महिने चालला. एवढ्या काळात तिथं जे चांगलं लागलं, ते सरकारी रेडिओवर आमच्या अठ्ठावीस मिनिटांत लागणं शक्य नव्हतं. व्यापारी रेडिओनं गाणं संपवलं असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. तो रेडिओ अडाणी होता, पण त्याच्याकडं वेळ होता.

अक्कांचा भैरव आम्ही तिसऱ्या रविवारी लावायचं ठरवलं. इचलकरंजीला निरोप गेला. अक्का तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या.

कार्यक्रम शनिवारीच कॉम्प्युटरवर चढवून ठेवत. मी घरी रेडिओ लावून बसले. सहा वाजता माझाच आवाज आला, मग अक्कांचा. वीस मिनिटांनी त्या वरच्या षड्जावर पोचल्या, तिथं राहिल्या, आणि थांबल्या. गाणाऱ्यानं असं थांबणं हा गाण्याचाच भाग असतो. मी डोळे मिटले होते. तेवढ्यात एक ढोल वाजला, कुणीतरी ओरडून स्टेशनचं नाव सांगितलं आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं. ते संपल्यावर दुसरं. अक्का परत आल्याच नाहीत.

ते स्कूटर घेऊन थेट स्टेशनवर गेले. दारात रखवालदार होता.

"आत कोण हाय?"

"कोण न्हाय साहेब. ऐतवारी कॉम्प्युटरच चालवतोय."

"मग त्याला सांग, बंद कर म्हणून."

"त्याला कसं सांगू? ते मुंबईचं ऐकतंय."

सोमवारी त्या मुलीनं आम्हाला नीट समजावून सांगितलं. सात सेकंद आवाज आला नाही की यंत्राला वाटतं काहीतरी बिघडलं. ते आपणहून पुढचं गाणं लावतं. अक्का अकरा सेकंद थांबल्या होत्या. तंबोरा होता, पण यंत्राला ऐकू जाईल एवढा नव्हता. तो नियम मुख्य कार्यालयातून लावलेला, तिच्या हातात काही नव्हतं.

"सर, मी ती जागा चार सेकंदांची करून देते," ती म्हणाली. "कोणाला कळणार पण नाही."

"मला कळंल. अक्काला कळंल."

"मग खाली इलेक्ट्रॉनिक तंबोरा मिक्स करू?"

"डबीतला? अक्काच्या गाण्याखाली?" मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "यंत्राची चूक न्हाय, बाई," ते मला म्हणाले. "माझी हाय. तंबोऱ्यावर बसलेली पोरगी लाजून दाराजवळ बसली हुती. मला तिला पुढं घ्यायला पायजे हुतं. मी माइक अक्काच्या तोंडाशी लावला आणि बटनं बघत बसलो. तंबोरा लांब बसला हुता."

जो माणूस पैंजणाचा सूर दीड तास शोधतो, त्याच्याकडून ही चूक झाली होती, आणि ती पंधरा वर्षं टेपमध्ये पडून होती.

त्याच दिवशी आम्ही इचलकरंजीला गेलो. अक्कांच्या मुलाचे चार माग घराला लागूनच होते आणि त्यांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागे. अक्का आतल्या खोलीत कॉटवर बसलेल्या. ह्यांनी पायांना हात लावला आणि तसेच खाली बसून राहिले.

"ऐकलं म्या," अक्का म्हणाल्या. "मी थांबले, तर त्यास्नी वाटलं मी संपले."

त्या रागावल्या नव्हत्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. ह्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. अक्कांनी ऐकलं आणि कोपऱ्यात कापडात गुंडाळून उभ्या केलेल्या तंबोऱ्याकडं बोट केलं.

"लांब बसला हुता, तर जवळ बसव की आता. घिऊन जा. त्यावेळचा त्योच हाय."

"म्हंजे?"

"तू बस की. तंबोरा धरायला सांगितलं हुतं ना तुला?"

येताना एस.टी.च्या कंडक्टरनं तंबोऱ्याकडं आणि ह्यांच्याकडं आळीपाळीनं बघितलं. "पावणं, ह्या भोपळ्याचं अर्धं तिकीट लागंल."

"लाव," हे म्हणाले. "वयानं तो तुझ्यापेक्षा मोठा हाय. पुरं लाव."

ठरलं ते असं. पुढच्या रविवारी कॉम्प्युटरवर न सोडता स्टुडिओतून कार्यक्रम करायचा. टेप वाजेल, आणि त्याच वेळी दुसऱ्या माइकसमोर हे तंबोरा छेडत बसतील, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत. अक्का थांबतील तेव्हा तंबोरा चालू असेल. त्यात खोटं काही नव्हतं. तंबोरा तोच, फक्त आता जवळ बसलेला. त्या मुलीला हे पटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रविवारी साडेपाचला ती स्वतः आली, थर्मासमध्ये चहा घेऊन.

जुनी टेप थोडी वेगात फिरते, त्यामुळं अक्कांचा षड्ज कुठल्याच पट्टीत बसत नव्हता, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंतरी पडत होता. तंबोरा तिथं लावायला ह्यांना वीस मिनिटं लागली. मी सहाला अक्कांचं नाव सांगितलं, 'ऐका' म्हटलं आणि बाजूला झाले.

त्यांना वाजवताना मी प्रथमच बघत होते. चार तारा, पहिली पंचमाची, एकामागून एक, एकाच चालीत. चेहऱ्यावर काही नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांना दम देणारा तो माणूस तिथं नव्हताच. विसाव्या मिनिटाला अक्का वरच्या षड्जावर गेल्या. ती मुलगी पुढं वाकून पडद्यावरची हिरवी रेघ बघत होती. अक्का थांबल्या. रेघ खाली आली, थरथरली, पण पडली नाही. मी मनात मोजत होते. सात झाले. आठ. स्टुडिओत चार तारांखेरीज काही नव्हतं. नऊ, दहा, अकरा, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या खोलीतून अक्कांनी पुढचा सूर घेतला, त्याच तंबोऱ्यावर. मुलगी खुर्चीत मागं टेकली. तिला राग कळत नव्हता, पण डोळे पुसताना तिनं ते लपवलंही नाही.

सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी गाणं संपलं. मी रागाचं नाव सांगितलं. ह्यांच्या तर्जनीला चीर पडली होती.

दुपारी तंबोरा परत करायला इचलकरंजीला गेलो. सूनबाईंनी दारातच पाणी दिलं. ह्यांनी ते प्यायच्या आधी विचारलं, "ऐकलं का अक्कांनी? समदं?"

"सकाळी मुद्दाम माग बंद ठेवलं हुतं बगा ह्यांनी," सूनबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पण अर्ध्यातच डोळा लागला वाटतं त्यांचा. मान अशी पडली हुती. मी रेडिओ बंदच करणार हुते, पण ऱ्हाऊ दे म्हटलं."

ह्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला आणि ते आत गेले. अक्का कॉटवर पाय पसरून बसल्या होत्या. ह्यांनी तंबोरा कोपऱ्यात उभा केला आणि त्याला कापड गुंडाळलं, नेहमीपेक्षा सावकाश.

"अक्का, लागलं तुमचं."

"व्हय." अक्कांनी तंबोऱ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. "पंचम उतरला हुता रं."

"व्हय अक्का."

"ध्यान ठिवावं."

"व्हय."

एवढंच बोलणं झालं. अक्का त्यानंतर दीडएक वर्ष होत्या आणि 'लागलं का' असं त्यांनी परत विचारलं नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. मला त्यांची दया येत होती आणि अक्कांचा थोडा राग. इतक्या वर्षांचं ओझं उतरवलं, तर म्हातारी अर्ध्यात झोपली, आणि जागी झाल्यावर चूक काढली. बरंच पुढं आल्यावर मी म्हटलं, "अक्कांनी निदान आज तरी असं म्हणायला नको होतं."

"का? उतरला हुता की."

"तुम्हाला वाजवताना कळलं होतं?"

"कळत हुतं. पर तार आवळायची तर वाजवणं थांबवाय लागतंय, आणि थांबलो असतो तर त्या यंत्रानं परत ढोल वाजवला असता. तसाच वडत नेला." त्यांनी चीर पडलेलं बोट दुसऱ्या हातात धरलं. मग माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"तार कवा उतरली ठावं हाय काय, बाई? शेवटच्या चार मिन्टांत."